सात नंबरच्या विहिरीचा मुहूर्त

२ मार्च

ही डायरी वल्लरीनं दिली. तिच्या कंपनीची आहे. वर लोखंडी मनोऱ्याचं चित्र, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी इंग्रजीत एकेक सुविचार. मला इंग्रजी येत नाही, त्यामुळे सुविचारांचा त्रास नाही. म्हणाली, “आजी, दिवसभर मला जे जे सांगतेस ना, ते यात लिहीत जा.” म्हणजे तिच्या कानांना विश्रांती. मला काय कळत नाही होय?

माझं शिक्षण चौथी. पुढे शाळेला माझी गरज वाटली नाही. पण आमच्या ह्यांची (नाव घेत नाही, लिहायला हरकत नसावी, बापूराव) मार्केट यार्डात गुळाची आडत होती. पोत्यांवरची नावं, दुकानांच्या पाट्या, पेपर, सगळं वाचत आले. पेपर तर अजूनही वाचते, जाहिराती सोडून. म्हणजे लवकर संपतो.

मुलगा आणि सून महर्षीनगरला असतात. तिथे तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि माझा गुडघा असला. म्हणून माझी नात वल्लरी मला तिच्या खराडीच्या फ्लॅटवर घेऊन आली. एकतीस वर्षांची आहे. स्वतःची गाडी चालवते, आणि जमिनीखालचा गॅस वर कसा आणायचा हे लोकांना सांगते. त्यासाठी तिला विमानानं बोलावतात! मला इतका आनंद होतो की लिफ्टमध्ये अनोळखी माणसांनाही सांगते. ती माणसं छताकडे बघतात. खराडीत सगळेच छताकडे बघतात. काचेच्या इमारती बांधायच्या, उन्हानं तापल्या की आत गार हवा सोडायची, आणि गार लागलं की स्वेटर घालून बसायचं. ही शिकलेली माणसं.

सोसायटीतल्या बायका विचारतात, “वल्लरीच्या लग्नाचं काय?” मी म्हणते, “तुमच्या मुलाचं जमलं नाही का अजून? अरेरे.” मग आठवडाभर विचारत नाहीत.

९ मार्च

आज रविवार. वल्लरीला म्हटलं, मला नीट सांग तू करतेस काय, लोकांना सांगताना माझी पंचाईत होते.

तिनं पोळीचं ताट बाजूला केलं आणि बसली सांगत. आंध्रात गोदावरी समुद्राला मिळते त्या बाजूला जुन्या विहिरी आहेत. पाण्याच्या नाहीत, गॅसच्या. खूप खोल दगड आहे आणि दगडाच्या बारीक छिद्रांत गॅस आहे. वीस-पंचवीस वर्षं सगळ्यांनी तो काढला. काढता काढता खालचा दाब कमी झाला. दाब कमी झाला की गॅसमध्येच मुरलेलं पातळ तेल सुटं होतं आणि विहिरीच्या तळाशी, दगडाच्या छिद्रांत जाऊन बसतं. तेच वाट अडवतं. म्हणजे मागे गॅस आहे, पण यायला रस्ता नाही.

मी म्हटलं, “म्हणजे पावसाळ्यात गुळाची ढेप पाझरते तसं.”

“नाही आजी, तसं अजिबात नाही.”

“बरं.”

यावर उपाय असा की कोरडा गॅस उलटा खाली भरायचा, विहिरीचं तोंड बंद करायचं आणि थांबायचं. तो गॅस हळूहळू त्या बसलेल्या तेलाला आपल्यात ओढून घेतो. मग उघडलं की तो तेलासकट वर येतो आणि वाट मोकळी होते. सगळी कला थांबण्यात आहे म्हणे.

मी म्हटलं, “पंचवीस वर्षं ओरबाडायचं आणि मग परत भरत बसायचं. आधी कोणाला सुचलं नाही?”

“सुचलं होतं. कोणी ऐकलं नाही.”

तिच्या वाट्याला आलेली विहीर सात नंबरची. ऑफिसातली पोरं त्या विहिरीला ‘म्हातारी’ म्हणतात. मी म्हटलं, त्यांना इकडे पाठव एकदा. हे जमलं तर त्या अख्ख्या भागातल्या जुन्या विहिरी वल्लरीच्या पद्धतीनं करणार. नाही जमलं तर सात नंबरमध्ये सिमेंट ओतून ती कायमची बंद, आणि वल्लरीच्या गटालाही रामराम. हे सांगताना ती हसत होती. पण पोळी तशीच राहिली ताटात.

८ एप्रिल

वल्लरी आंध्रातून परत आली. नाक उन्हानं सोललंय. गॅस भरून झाला, सात नंबरचं तोंड बंद केलं. आता मे संपेपर्यंत हात लावायचा नाही.

तिचा साहेब गंधार रोज फोन करतो. सदाशिव पेठेतला. फोनवर आवाज इतका गोड की मला आमच्या ह्यांचं आठवतं. गूळ फार पिवळाधमक दिसला की हे ढेपेला हातसुद्धा लावायचे नाहीत. म्हणायचे, पावडर मारलीय. चांगला गूळ तांबूस, काळसर, बघायला काही खास नाही असा असतो. वल्लरी तशी आहे. म्हणजे बघायलाही छान आहे, पण समजलं ना?

गंधार विचारतो, “कधी उघडायची?” ही सांगते, “मेच्या शेवटी.” दुसऱ्या दिवशी परत तेच. शाळेत मास्तर त्याला मारत असतील नक्की.

२० एप्रिल

आज गंधार आमच्याकडे जेवायला आला होता. वल्लरीची इच्छा नव्हती, मीच बोलावलं. साहेबाला जेवू घातलेलं बरं असतं, आमचे हे बाजार समितीच्या लोकांना घालायचे.

भरली वांगी, आमरस, पोळ्या, कुरडया. वांग्याचा पहिला घास घेतला आणि म्हणाला, “आजी, सुंदर! गूळ मात्र आमच्याकडे थोडा कमी घालतात.” सदाशिव पेठेतला माणूस मला गुळाचं सांगतो. मी त्याला अजून एक वांगं वाढलं.

मग लागला सांगायला. ज्यांच्या विहिरी आहेत त्या कंपनीचे मोठे साहेब दिल्लीहून येणार आहेत. ते आधी दोनदा येऊन गेले, बघण्यासारखं काही नव्हतं. आता आल्यावर काहीतरी दाखवायला हवं. आणि ते जुन्या वळणाचे आहेत, दिवस बघूनच सगळं करतात.

“आईला विचारावं लागेल एखादा चांगला दिवस,” असं म्हणाला.

मला राहवेना. माझ्यासमोर बसून आईला कशाला विचारायचं? मी म्हटलं, “अहो, विचारताय काय? या तीसला अक्षय्य तृतीया आहे. साडेतीन मुहूर्तांतला दिवस. त्या दिवशी जे सुरू कराल ते अक्षय्य, कधी संपत नाही. विहिरीला आणखी काय हवं?”

त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका! “आजी, यू आर ग्रेट. अक्षय्य विहीर! हे तर निमंत्रणावरच छापता येईल.”

वल्लरी आत कुरडया तळत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, “सर, तीस तारीख? मेच्या शेवटपर्यंत थांबायचं ठरलंय आपलं.”

तो म्हणाला, “अगं, आजींनी मुहूर्त दिलाय.”

ती म्हणाली, “पण सर, अजून तेल सुटणारच नाही. आपण भरलेला गॅसच फक्त...”

मी म्हटलं, “वल्लरी, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये.” साहेबासमोर असं तोडून बोलणं बरं दिसतं का? तिच्या भल्याचंच सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग कुरडयांचं ताट ठेवलं आणि आत गेली. तेल तापत होतं ना.

गंधार गॅलरीत जाऊन फोनवर बोलला, बहुतेक आईशीच. परत आला आणि आमरस तिसऱ्यांदा मागून घेतला. जाताना मला वाकून नमस्कार केला. पावडर मारलेला असला तरी रीत आहे म्हणायची.

मी लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरात तीस तारखेभोवती लाल गोल केला आणि आत लिहिलं, विहीर. मला केवढी मौज वाटली! चौथी पास बाईच्या शब्दावर दिल्लीहून विमान येणार.

२२ एप्रिल

वल्लरी दोन दिवस जेवणाबाबत चालढकल करतेय. कामाचा ताण. तिनं गंधारला लेखी कळवलं म्हणे, उघडू नका. त्यानं उत्तरात निमंत्रणपत्रिका पाठवली. तिच्यावर कलशाचं चित्र आहे. वल्लरीनं मला मोबाइलवर दाखवली. मी म्हटलं, कलश छान आहे, पण नारळ वाकडा काढलाय.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आज मी पहाटेच उठले. पुरणपोळी, आमरस. कोणासाठी करायचं हा प्रश्नच होता, वल्लरी तिकडे आणि मी इकडे एकटी. शेजारच्या पद्मजाला हाक मारली. ती ‘गोड बंद केलंय’ म्हणत तीन पोळ्या जेवली.

दुपारी वल्लरीनं तिकडच्या एका पोराकडून मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. मांडव, झेंडूच्या माळा, पांढऱ्या टोप्या घातलेले साहेब. विहीर म्हणजे जमिनीतून वर आलेलं नळांचं आणि चाकांचं लोखंडी झाड. त्यालाही हार घातला होता. दिल्लीच्या साहेबांनी नारळ फोडला. तो एका फटक्यात फुटला नाही, तेव्हा पद्मजा म्हणाली, “अगं बाई.” मी तिला चौथी पोळी वाढली.

मग कोणीतरी चाक फिरवलं आणि लांबवर, गॅस जाळून बघायच्या उंच नळीच्या टोकाला जाळ उठला. हा एवढा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गंधारनं मोबाइल उंच धरून स्वतःचा आणि जाळाचा फोटो काढला. मी इकडे टाळ्या वाजवल्या. पण वल्लरी टाळ्या वाजवताना दिसली नाही. ती एका घड्याळासारख्या तबकडीकडे बघत उभी होती.

ती जरा जास्तच गंभीर आहे. आमच्या ह्यांच्यासारखी.

७ मे

जाळ बारीक झाला म्हणे. मी म्हटलं, होत असेल कमीजास्त.

१० मे

विझला.

वल्लरी घरी आली, चप्पलसुद्धा न काढता खुर्चीत बसली. मी पाणी दिलं. तिनं सांगितलं, जो गॅस आपण खाली भरला होता तोच परत वर आला. तेल आहे तिथेच आहे. आधी विहिरीतून थोडं तरी येत होतं, आता तेवढंही येत नाही.

मी विचारलं, “असं का झालं?”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “लवकर उघडली, आजी.”

मी म्हटलं, “तो गंधार! मला पहिल्यापासून माहीत होतं. घाईघाईचा माणूस. वांगं धड चावत नव्हता.”

ती उठली आणि चप्पल काढायला दाराशी गेली.

१६ मे

ऑफिसात मोठी बैठक झाली. बैठकीत काय झालं ते वल्लरी सांगत नाही, पण तिचं टेबल खिडकीपासून उचलून आत जिन्याजवळ लावलंय. म्हणजे काय झालं ते कळलंच. आमच्या आडतीतही एखाद्याला गल्ल्यावरून उठवून गोदामात पाठवायचे. शब्द एक नाही.

संध्याकाळी ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी काही कान लावून बसले नव्हते. भाजी निवडत होते, आणि भाजी तिच्या खोलीच्या दारात जास्त चांगली निवडली जाते. ती म्हणत होती, “नाही, तारीख कोणी सुचवली ते मी बैठकीत बोलले नाही आणि बोलणारही नाही. म्हातारं माणूस आहे, चांगल्या मनानं बोललं. सर म्हणाले, तारीख तुमच्या बाजूनं आली. म्हटलं, असू दे.”

आता आलं माझ्या लक्षात! म्हातारं माणूस म्हणजे गंधारची आई. तो गॅलरीत जाऊन तिलाच फोन करत होता ना? मी काय म्हटलं होतं? दिवस चांगला आहे. दिवस चांगला असणं वेगळं आणि त्या दिवशी विहीर उघडायला लावणं वेगळं. दिवस तर चांगलाच होता. पक्का त्या बाईनं केला. आणि आपल्या पोराला वाचवायला तो माझ्या पोरीवर ढकलतोय, आणि माझी पोर त्याच्या आईची अब्रू झाकतेय! काय म्हणावं हिच्या चांगुलपणाला?

सदाशिव पेठेत बसून आंध्रातल्या विहिरींचे मुहूर्त काढतात. दुपारी एक ते चार दार उघडत नाहीत, पण विहिरी उघडायला सांगतात.

८ जून

वल्लरीनं पुन्हा अर्ज केला. सात नंबरला सिमेंट भरण्याआधी एकदा, शेवटचं, तिच्या पद्धतीनं. आणि तिच्या शब्दाशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही, हे लेखी.

दिल्लीचा साहेब हो म्हणाला. मला नवल वाटलं. वल्लरी म्हणाली, “त्यांनी बैठकीत एकच विचारलं, एप्रिलमध्ये उघडू नका म्हणून लेखी कोणी दिलं होतं? खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले.” म्हणजे नारळ फोडता येत नसला तरी माणूस अगदीच वाया गेलेला नाही.

पण या वेळी नाही जमलं तर सात नंबरही संपली आणि हिची नोकरीही. मी म्हटलं, “तू महर्षीनगरला ये, गुळाचं दुकान परत काढू.” ती हसली. खूप दिवसांनी हसली. मला एवढा आनंद झाला की मी रात्रीचा भात करपवला.

२ ऑगस्ट

पुन्हा गॅस भरला, पुन्हा तोंड बंद. वल्लरी कधी इथे, कधी तिथे.

दूधवाला हल्ली पिशवी दारात न ठेवता जिन्यात टाकून जातो. बोलले तर म्हणतो, “ॲपवर कंप्लेंट करा, आजी.” तोंड समोर असताना ॲपवर कशाला करू?

२९ ऑगस्ट

आज वल्लरीच्या ऑफिसच्या गणपतीला घरच्यांना बोलावलं होतं. मी नऊवारी नेसले. काचेच्या इमारतीत अठराव्या मजल्यावर गणपती, आणि आरती मोबाइलच्या स्पीकरवर. टाळ्या वाजवायला माणसं, म्हणायला मशीन.

एका बाजूच्या खुर्चीवर बसले तर शेजारी एक बाई येऊन बसल्या. बारीक काठाची सुती साडी, चष्मा, हातात प्रसादाची वाटी.

“आपण वल्लरीच्या आजी ना? मी श्यामला. गंधारची आई.”

मी म्हटलं, ही आयती सापडली. “हो का? आपणच का मुहूर्त काढून देता?”

“कोण, मी?”

“हौस असेल तर घरातल्या लग्नामुंजीचे काढावेत. विहिरींचे कशाला?”

त्यांनी वाटी खाली ठेवली. “आजी, आमच्या घरात पंचांग नाही. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. माझं लग्न पितृपंधरवड्यात झालं, कारण तेव्हा कार्यालय रिकामं मिळालं. अजून टिकलंय. इलाज नाही.”

“पण गंधार आमच्याकडून तुम्हालाच फोन करत होता. आमच्या गॅलरीतून.”

“मला? तो मला फक्त डबा राहिला की फोन करतो. दिल्लीला केला असेल.” मग चष्म्यातून बघून म्हणाल्या, “मुहूर्त तर तुम्हीच दिलात ना? घरी येऊन सांगत होता. म्हणाला, वल्लरी नको नको म्हणत होती, पण तिच्या आजीनंच तिला गप्प केलं, माझं काम सोपं झालं. मी त्याला म्हटलं, तू इंजिनीअर आहेस की भटजी?”

खोटं. साफ खोटं. सदाशिव पेठेतली माणसं अशीच, तोंडावर अपमान करतात आणि वर ‘आपण’ म्हणतात.

मोदकाचं सारण कोरडं होतं. खोबरं ओलं नव्हतं, गूळ पिवळा होता. एका मोदकाला तर नाकच नव्हतं.

येताना गाडीत वल्लरीनं विचारलं, “श्यामलाताईंशी काय एवढं चाललं होतं?”

म्हटलं, “मोदकांचं.”

सिग्नलला गाडी थांबली. तिचं नाक पुन्हा सोललंय. मी बघत होते तर म्हणाली, “काय गं?” मी म्हटलं, “पुढे बघून चालव.”

४ सप्टेंबर

भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. भिंतीला रंग द्यायला झालाय, म्हणून. गुंडाळून गादीखाली ठेवलं.

पद्मजानं विचारलं, संकष्टी कधी आहे? म्हटलं, मोबाइलमध्ये बघ, तुझ्याकडे एवढा महागाचा आहे.

१९ सप्टेंबर

वल्लरीचा आंध्रातून फोन आला. आवाज दमलेला.

“आजी, रविवारी उघडतेय.”

रविवारी. कॅलेंडर काढलं म्हणून तिथी डोक्यातून जातात थोडीच? या रविवारी सर्वपित्री अमावास्या. पितृपंधरवड्याचा शेवटचा दिवस. या दिवसांत माणसं नवा रुमालसुद्धा घेत नाहीत.

मी म्हटलं, “बरं.”

फोन चालू होता, मागे कुठलंतरी यंत्र घुमत होतं.

“आजी, काही म्हणायचंय तुला?”

“तेल सुटलं का नीट?”

“आकडे तरी तसं म्हणतायत. अजून थांबून काही फायदा नाही.”

“मग उघड.”

मग म्हणाली, “आजी, रविवारी काय आहे ते तुला...”

“रविवार आहे,” मी म्हटलं. “जेवून घे वेळेवर.”

२१ सप्टेंबर

ह्यांचं पान केलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी. गच्चीवर ठेवायचं तर सोसायटीचं पत्रक आहे, पक्ष्यांना अन्न घालू नये. कबुतरांसाठी जाळ्या लावल्यात, कावळा येणार कुठून? खराडीत पितरांनाही गेटवर नाव लिहून यावं लागत असेल. शेवटी रखवालदाराच्या खुर्चीमागे भिंतीवर पान ठेवलं आणि उभी राहिले. ह्यांना म्हटलं, तुम्ही बाजारात कधी कोणाचं ऐकून ढेप फोडली नाहीत. तिकडे लक्ष ठेवा.

कावळा आला. एकच, आणि तोही खिरीला नाक मुरडून वडा घेऊन गेला.

दुपारी वल्लरीचा व्हिडिओ. मांडव नाही, माळा नाहीत. ती आणि चार माणसं. चाक फिरवलं. जाळ उठला, पण केवढासा! एप्रिलच्या निम्मासुद्धा नाही.

मी म्हटलं, “अगं, लहान आहे.”

ती म्हणाली, “असू दे लहान. बाकीचा सगळा नळातून चाललाय, जाळायला थोडाच काढलाय?” मग तिनं मोबाइल एका काचेच्या नळीकडे नेला. आत चहासारखं पिवळट पातळ काहीतरी हलकेच चढत होतं. “हे बघ, आजी. हेच बसलं होतं वाट अडवून. येतंय वर.”

मला नीट दिसेना. चष्म्यावर वाफ आली असेल, खिरीची.

५ ऑक्टोबर

वल्लरी घरी आली. सात नंबर चालू आहे, रोज थोडी थोडी वाढतेय. सिमेंटच्या गोण्या परत पाठवल्या. दिवाळीनंतर आठ, नऊ आणि अकरा नंबर तिच्याच ताब्यात देणार. टेबल परत खिडकीशी. गंधारनं सगळ्यांना पत्र पाठवलं, ‘आमच्या चिकाटीचं फळ’. आमच्या!

जेवताना वल्लरी भिंतीकडे बघत म्हणाली, “कॅलेंडर कुठे गेलं?”

“रंग द्यायचाय भिंतीला.”

“आजी, घर भाड्याचं आहे.”

“मग मालकाला सांग.”

ती उठली. तिला कसं कळलं देव जाणे, सरळ माझ्या गादीखाली हात घातला. कॅलेंडर काढलं, मांडीवर घेऊन पानं सपाट करत बसली. एप्रिलचं पान वर आलं. लाल गोल, आत माझ्या हातचं, विहीर. तिनं त्याच्यावरूनही हात फिरवला, जसा बाकीच्यांवरून फिरवला तसाच. पान उलटलं. मे, जून, सगळे महिने सपाट केले आणि ऑक्टोबर वर आणून खिळ्याला अडकवलं.

“दुधाचे खाडे लिहायला लागतं ना,” म्हणाली. “दूधवाला फसवतो आपल्याला.”

“फसवतोच,” मी म्हटलं. “त्याच्या ॲपसकट.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. गंधार! मला कशाला फोन? आवाज तोच, पिवळाधमक.

“आजी, नमस्कार! अहो, आठ नंबर उघडायचं बघतोय. दिल्लीचे साहेब विचारत होते. दिवाळीतला पाडवा कसा काय आहे? तुमच्या तोंडून मुहूर्त मिळाला म्हणजे...”

वल्लरी घास हातात धरून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, “गंधारराव, आमच्या कॅलेंडरावर फक्त दुधाचे खाडे असतात. विहिरीचं वल्लरीला विचारा. आणि ती बोलत असली की मध्ये बोलू नका.”

फोन ठेवला. वल्लरीनं कढईतलं शेवटचं वांगं माझ्या ताटात वाढलं. गूळ बरोबर पडला होता.